उद्याचे संगणक आठवीच्या वर्गात शिकवावेत का?

पाटीपेन्सिल :
मी आठवीला संगणक शिकवतो. 'उद्याचे संगणक आणि आपलं रोजचं जगणं' असा आठ तासांचा एक घटक तयार केलाय. चेहरा ओळखणारी कुलुपं, चालकाविना गाड्या, आवाजावर चालणारी घरातली यंत्रं, क्वांटम संगणक. हे शिकवायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. मुलं आपणहून विचारतात आणि आपण 'अभ्यासक्रमात नाही' म्हणून त्यांना गप्प बसवतो, हे मला फार खटकतं. तुम्हाला काय वाटतं?

जुनी_वही :
स्पष्ट असहमत. आज भविष्य म्हणून जे शिकवाल, ते ही मुलं कामाला लागेपर्यंत शिळं झालेलं असेल. फ्लॉपी ३.५ इंची, क्षमता १.४४ एमबी, हे मी शाळेत घोकलं होतं. आकडा अजून तोंडपाठ आहे, उपयोग शून्य. त्याच वर्षी बाईंनी शिकवलेली द्विमान पद्धत (फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिणं) मात्र आजही कामात लागते. हे आठ तास गणिताला आणि तर्काला द्या. आणि आठवीला क्वांटम संगणक शिकवणार म्हणजे नेमकं काय करणार? चित्रं दाखवणार?

पाटीपेन्सिल :
क्वांटमचं पटलं, तो तास काढतो. पण बाकीचे तास चित्रांचे नाहीत. गेल्या आठवड्यात क्यूआर कोड छापून वाटले आणि म्हटलं, खराब करा, कधी बंद पडतो बघू. एकीनं मधोमध पेनानं थोडं गिरगटलं, तरी फोननं वाचला. दुसऱ्यानं कोपऱ्यातला एक मोठा चौकोन झाकला, लगेच बंद! मग मी विचारलं, असे चौकोन तीनच का, चौथ्या कोपऱ्यात का नाही? बराच वेळ नुसती कुजबुज. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "चारही सारखे असते तर वरची बाजू कुठली ते फोनला कळलं नसतं ना सर!"

जुनी_वही :
तास सुंदरच झाला, पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. क्यूआर कोड १९९४चा, जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी केलेला. गिरगटला तरी वाचता येतो तो रीड-सोलोमन या चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांमुळे, आणि ते आहेत १९६०चे. सीडीवर बारीक ओरखडे असले तरी गाणं वाजायचं, तेही याच गणितामुळे. १९९४ साली कुणी 'उद्याचे संगणक' शिकवले असते, तर या चौकोनानं लोक पैसे देतील असं त्या धड्यात आलं असतं का? गणित शिकलेल्याला मात्र तो आजही उलगडतो.

काठावरचा :
मग जुने अंदाजच शिकवा की. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर यांनी १९९१मध्ये लिहिलं होतं, की संगणक रोजच्या वस्तूंत इतके मिसळून जातील की वेगळे जाणवणारच नाहीत. तळहाताएवढे, वहीएवढे, फळ्याएवढे. आकार अगदी बरोबर निघाले! पण त्यांच्या कल्पनेतला वहीएवढा संगणक कोऱ्या कागदासारखा खोलीत पडलेला असायचा, कुणीही उचलावा, कुणाच्याच मालकीचा नाही. प्रत्यक्षात आपलं यंत्र आपल्या नावाला आणि बोटाच्या ठशाला बांधलेलं निघालं. असं का झालं, यावर मुलांना भांडू द्या. माझ्या मते यातच दोन तास सहज जातील.

जुनी_वही :
अंदाज कुठे चुकले हे शिकवायला माझा विरोध नाही. पण परीक्षेत 'चालकाविना गाडीचे पाच उपयोग लिहा' असा प्रश्न येणार असेल, तर पुन्हा घोकंपट्टीच.

पाटीपेन्सिल :
तो प्रश्न मी काढणार नाही. त्याच वर्गातल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न काढेन. चेहऱ्यावरून हजेरी घेणाऱ्या यंत्राबद्दल बोलत होतो. ती म्हणाली, "सर, मी शाळा सोडली तरी माझा चेहरा त्यात राहणार का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही.

जुनी_वही :
पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. तिथून सुरुवात करा. क्वांटमचा रिकामा झालेला तास या प्रश्नाला द्या. उरलेल्या तासांबद्दल माझं मत अजून तेच आहे.