मदत हवी आहे: क्लोपिडोग्रेलची जनुकीय तपासणी पुण्यात कुठे होते?

नमस्कार मंडळी. बाबांची (वय ६८) जानेवारीत अँजिओप्लास्टी झाली. क्लोपिडोग्रेल (रक्तात गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी) सुरू होतं, तरी पाच महिन्यांत स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी. पहिला प्रश्न आला, "गोळ्या चुकवल्या का?" अहो, आमचे बाबा कालनिर्णयावर रोज बरोबरची खूण करणारे! दुधाच्या हिशोबाशेजारी गोळीचा हिशोब.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला कामाला लावतं. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती कमकुवत असल्या, तर गोळी घेऊनही रक्तातल्या गुठळी करणाऱ्या प्लेटलेट पुरेशा आवरल्या जात नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१० मध्येच या औषधावर तसा ठळक इशारा छापायला लावला. जनुकाचा हा प्रकार आपल्याकडे युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो म्हणे, तरी आम्हाला आधी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. शिवाय बाबा ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घ्यायचे, तेही याच एन्झाइमला अडवतं!

आता त्याऐवजी टिकाग्रेलोर हे औषध दिलंय. त्याला या एन्झाइमची गरज नाही, पण बाबांना धाप लागते. तो त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी बदलायची तर आधी तपासणी करा, असं डॉक्टर म्हणतात.

कोथरूड-डेक्कन भागात ही तपासणी कुणी करून घेतली आहे का? खर्च किती आला, रिपोर्ट किती दिवसांत मिळाला? आणि मी नि ताईनेही करून ठेवावी का?