जिन्याचा दिवा वरून लागत नाही

प्रश्न: डिचोलीतील आमच्या जुन्या घराच्या जिन्याला खाली व वर असे दोन स्विच आहेत. भिंतीच्या ओलीमुळे वरचा चरचरू लागला म्हणून तो बदलून घेतला. परंतु आता खालचा स्विच एका विशिष्ट बाजूला असेल तरच वरून दिवा लागतो. असे का व्हावे?

उत्तर १: एक तर साधा वन-वे (एकाच ठिकाणाहून दिवा लावण्या-विझवण्याचा) स्विच बसवला गेला आहे, नाहीतर टू-वेच्या (दोन ठिकाणांहून दिवा चालवण्याच्या स्विचच्या) तीन स्क्रूंपैकी कॉमनवरची, म्हणजे दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या स्क्रूवरची, तार दुसरीकडे गेली आहे. स्विच उलटा करून पाहा; मागे दोनच स्क्रू असतील तर तो टू-वेने बदलावाच लागेल.

उत्तर २: सहमत. मात्र उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, चालू प्लगवर तपासलेल्या टेस्टरने प्रत्येक तार पाहावी, कारण जुन्या वायरिंगमध्ये रंगांवर विसंबता येत नाही आणि कधी कधी स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवलेला असल्याने दिवा विझल्यावरही होल्डरमध्ये २३० व्होल्ट राहतात. भिंत ओली असेपर्यंत नवा स्विचही फार टिकणार नाही.

प्रश्नकर्ता: मागे दोनच स्क्रू निघाले. परवानाधारक वायरमनला बोलावले आहे.