फ्रोयाचं उदाहरण अर्धंच आहे

सॅल्मनपालन (समुद्रातल्या पिंजऱ्यांत सॅल्मन मासे वाढवण्याचा धंदा) आलं की किनाऱ्यावरची गावं सावरतात, असं म्हणताना नॉर्वेच्या फ्रोया बेटाचं उदाहरण दिलं जातं. फ्रोया आणि शेजारच्या हित्रा बेटापुरतं ते मला पटतं. पण तिथे सॅल्मनपालनाच्या नव्या परवान्यांच्या विक्रीतला वाटा स्थानिक पालिकांना मिळतो, आणि 2023 पासून या धंद्याच्या नफ्यावर जादा करही आहे.

सगळीकडे गावं अशी सावरत नाहीत; चिलीतलं चिलोए बेट बघा. 2007 मध्ये पिंजऱ्यांत आयएसए हा सॅल्मनला मारणारा विषाणू पसरला, सॅल्मनपालन केंद्रं बंद पडली, हजारो कामगार घरी बसले. फार वाईट काळ होता तो. उद्योग पुढे सावरला खरा, पण 2016 च्या मे महिन्यात विषारी शैवालामुळे मासेमारी थांबली आणि तिथल्या कोळ्यांनी रस्ते अडवले. मेलेले सॅल्मन समुद्रात टाकल्यानेच हे संकट वाढलं, असा त्यांचा आरोप होता.