काकूंचा कॉम्प्युटर भंगारात नको

गुरुवार, सोसायटीच्या ग्रुपवर

ए-२०३: नमस्कार मंडळी. आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा आहे. हल्ली सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं घेतो. दुकानात नेला होता, ते म्हणाले याच्यात आता काही राहिलं नाही, नवीन घ्या, ४२ हजारांत बसवून देतो. माझं काम म्हणजे मराठी टायपिंग, ईमेल आणि नातीशी व्हिडिओ कॉल. पेन्शनीतून एवढे पैसे घालावेत का? कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

बी-७०२: काकू, बारा वर्षं चालला ना, पैसे वसूल झाले. द्या एक्सचेंजमध्ये.

सी-५०१: काकू, एक दिवस थांबा, कुणाला शब्द देऊ नका. मी अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीतच काढली आहेत. "हळू चालतो" हे लक्षण झालं, दुखणं काय ते आधी बघू. कॉम्प्युटर चालू करा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. जी खिडकी उघडेल तिचा फोटो इथे टाका.

ए-२०३: टाकला बघा.

सी-५०१: डिस्क १०० टक्के, मेमरी ८७ टक्के, प्रोसेसर फक्त १४. म्हणजे प्रोसेसर नुसता बसून आहे. अडलंय ते हार्ड डिस्कपाशी. तिच्या आत तबकडी फिरते आणि एक काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत माहिती शोधत हिंडतो. विखुरलेल्या फायली उचलायच्या तर हा काटा सेकंदाला जेमतेम शंभर ठिकाणी पोचतो. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली लागतात, मग वेळ लागणारच. तिच्या जागी एसएसडी लावायची, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. दुकानदाराने हे बघितलं असतं तर नवीन घ्या म्हणाला नसता. मला याचाच राग येतो.

डी-१०२: दादा, पण काकूंचा प्रोसेसर इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय-थ्री आहे ना? विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग त्यावर खर्च कशाला?

सी-५०१: बरोबर मुद्दा आहे, मी तिकडेच येणार होतो. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नाहीत. ऑक्टोबरनंतर याच मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येईल, ते फुकट आहे आणि चौथ्या जनरेशनवर सुरेख चालतं. यूट्यूबवर बघून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवणारे खूप आहेत. मी काकूंना ते सांगणार नाही, कारण तशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि एसएसडी वाया जात नाही. उद्या नवीन घेतलाच तर काढून त्यात लावायची.

डी-१०२: आणि रॅमचे, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांचे, भाव बघितलेत का? गेल्या वर्षाच्या शेवटापासून नुसते चढतायत, एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी कमी पडतेय म्हणून. नवीन पीसी घ्यायला आत्ताची वेळ वाईटच आहे, हे मात्र खरं. माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये डीडीआर-थ्रीची ४ जीबीची एक पट्टी पडून आहे, काकूंना घ्या.

बी-३०४: पट्टी कुठली ते नीट बघून घ्या हं. मी डीडीआर-फोरची आणली होती, बसेच ना. खाच वेगळ्या जागी असते. मी जोर लावला नाही म्हणून बोर्ड वाचला. दुकानाने परत घेतली नाही ती नाहीच.

सी-५०१: ताई, चांगलं केलंत सांगितलंत. लॅपटॉपची पट्टीही आखूड असते, तीसुद्धा चालत नाही. एसएसडीचंही तसंच. काकूंच्या बोर्डावर एम-टूची, म्हणजे थेट बोर्डात बसणाऱ्या एसएसडीची, जागा नाही, अडीच इंची साटा एसएसडीच घ्यायची, २४० जीबी पुरे. आणि काकू, आज झाकण उघडून बोर्डाचा एक फोटो काढा, पण आधी मागची वायर भिंतीतून काढा. बोर्डावरच्या छोट्या उभ्या नळकांड्या, म्हणजे कपॅसिटर, डोक्यावर फुगलेल्या दिसल्या तर मीच सांगेन की एक रुपया घालू नका.

ए-२०३: फोटो टाकला. धूळ फार आहे, लाज वाटली. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यात उतरवल्यात, ६४० आहेत. सगळ्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, मागे डोंगल, म्हणजे त्याची किल्ली, लावल्याशिवाय ते उघडत नाही. त्याची सीडी आता सापडत नाही. दुकानदार म्हणाला विंडोज नव्याने टाकावं लागेल.

सी-५०१: काकू, हे आधी सांगायला हवं होतं! नव्याने काही टाकायचं नाही. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवायची, त्याला क्लोन म्हणतात. फॉन्ट, श्रीलिपी, डेस्कटॉपवरचा नातीचा फोटो, सगळं जागच्या जागी येतं. कपॅसिटर सपाट आहेत, बोर्ड ठणठणीत आहे. मात्र बारा वर्षांची डिस्क आहे, क्लोन करताना तिला सलग वाचत बसावं लागतं आणि खराब डिस्क नेमकी तेव्हाच दगा देते. म्हणून आजच ओव्यांचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. बाकी काम रविवारी.

डी-१०२: काकू, मी संध्याकाळी येऊन पेन ड्राइव्हवर घेतो. एसएसडी शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून आणतो, मला तिकडे जायचंच आहे.

रविवार

सी-५०१: झालं. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची तब्येत बघितली, वाचता न येणारे काही सेक्टर, म्हणजे डिस्कचे बारके भाग, निघाले. आणखी थांबलो असतो तर ओव्या गेल्याही असत्या. क्लोनला पावणेदोन तास लागले. पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवली, नाहीतर विंडोज दोन्हींमध्ये गोंधळतं. पट्टी बसली, मेमरी ८ जीबी झाली. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट सुकून खडू झाली होती, ती बदलली. बोर्डावरचा बटणासारखा सेलही बदलला, कॉम्प्युटरची तारीख सारखी मागे जायची आणि त्यामुळे बँकेची साइट उघडायची नाही. तारीख चुकली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्रच कॉम्प्युटरला खोटं वाटतं.

बी-७०२: मग आता किती वेळ लागतो?

डी-१०२: मी मोबाइलवर मोजलं. आधी ६ मिनिटं ४० सेकंद, आता २८ सेकंद. एसएसडी २,८५० ला मिळाली, पेस्ट आणि सेल मिळून २३०.

बी-७०२: मी उगाच एक्सचेंज सुचवलं काकू. माझाही २०१५ चा आहे, फोटो टाकतो.

ए-२०३: श्रीलिपी उघडलं! पहिली ओवी वाचली आणि डोळ्यांत पाणी आलं. तुम्हा दोघांनी जेवायला हो म्हटलं नाहीत, याचं वाईट वाटतंय. जुन्या डिस्कचं काय करू?

सी-५०१: भंगारवाल्याला देऊ नका, तुमचा सगळा मजकूर अजून तिच्यात आहे. कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. आणि काकू, ऑक्टोबरपूर्वी एक काम करायचंच. ओव्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणायच्या. लिनक्सवर गेल्यावर तुमचं श्रीलिपी आणि डोंगल चालतील या भरवशावर राहू नका. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यात जोडाक्षरं आणि रफार तुटतात, एकेक ओवी डोळ्यांखालून घालावी लागेल. ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, आईचे शब्द तुम्हालाच ठाऊक.

ए-२०३: रोज दहा घेतल्या तर ६४ दिवस. उद्या सकाळपासून बसते.

डी-१०२: काकू, कन्व्हर्ट करून द्यायला मी येतो. तुम्ही फक्त चुका सांगा.