ड्राय सूटचे सील: लेटेक्स की सिलिकॉन?

प्रश्न: माझ्या ड्राय सूटच्या (पाण्यात अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखाच्या) मनगटाचे लेटेक्सचे (नैसर्गिक रबराचे) सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या घट्ट पट्ट्या, चिकट होऊन त्यांना बारीक भेगा पडल्या आहेत. पुन्हा लेटेक्सच बसवावे की सिलिकॉन घ्यावे?

उत्तर १: चिकटपणा आणि भेगा ही लेटेक्स जुने झाल्याची खूण आहे. ऊन, ओझोन, घाम आणि सनस्क्रीनमधील तेल यांमुळे ते झिजते. सिलिकॉन या गोष्टींना फारशी दाद देत नाही आणि लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनाही चालते. मात्र ते सूटला थेट चिकटत नसल्यामुळे सील अडकवण्यासाठी सूटवर कडीची व्यवस्था लागते, आणि नखाने एकदा चिरले की चीर झपाट्याने पसरते.

उत्तर २: निओप्रीनचाही (जाड, फेसाळ कृत्रिम रबराचाही) विचार करावा. ते उबदार व टिकाऊ असते, पण मनगट वळवताना स्नायूबंधांच्या खाचेतून थोडे पाणी शिरते.

उत्तर ३: गळ्याचे सील मापाला कापताना एका वेळी एकच वलय काढावे, कारण कापलेले परत जोडता येत नाही, तरीही ते फार घट्ट ठेवू नये, मानेतील धमनीवर दाब येऊन चक्कर येऊ शकते. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि बिनवासाची टाल्क पावडर लावावी.

प्रश्नकर्ता: कडी बसवून सिलिकॉनच घेतो.