कॅप निघाली की दोष सिमेंटचाच का?

दातावर बसवलेली झिरकोनियाची (एका मजबूत पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप दोन वर्षांत निघाली, की दोष ती चिकटवणाऱ्या सिमेंटला दिला जातो आणि महागडे रेझिन सिमेंट (प्लास्टिकसारखे घट्ट होणारे) हाच उपाय सुचवला जातो, म्हणून थोडी भर घालतो. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात कोणी निघालेली कॅप पुडीत बांधून आणली, की मी आधी ती आतून पाहतो. सिमेंट दातावरच राहिले असेल आणि कॅप आतून स्वच्छ असेल, तर बहुधा झिरकोनियाची आतली बाजू नीट तयार केलेली नसते. काचयुक्त सिरॅमिकसारखे झिरकोनिया हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत होत नाही, म्हणून सिमेंटला पकड मिळत नाही. शिवाय कॅप बसवून पाहताना लागलेल्या लाळेतले फॉस्फेट त्याला चिकटते आणि पकड आणखी कमी करते. त्यामुळे अॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून एमडीपी (झिरकोनियाशी रासायनिक बंध जोडणारा घटक) असलेला प्रायमर, म्हणजे सिमेंटआधीचा पातळ थर, लावावा लागतो, आणि ही पायरी गाळली (घाईत ती सर्रास गाळली जाते) तर महागड्या रेझिनचा फारसा उपयोग होत नाही. तात्पुरती कॅप युजेनॉलच्या, म्हणजे लवंगतेलाच्या, सिमेंटने बसवली असेल, तर त्याचा अंशही रेझिन घट्ट होण्यात अडथळा आणतो. याउलट, कॅपसाठी घासून लहान केलेली दाढ साधारण 4 मिलिमीटर उंच असेल आणि तिच्या भिंती फार निमुळत्या नसतील, तर ग्लास आयनोमर हे साधे सिमेंटही वर्षानुवर्षे टिकते. दाढ बुटकी असेल तिथे मात्र रेझिनचा खर्च मी स्वतःहून सुचवतो.