दिवाळीची भेट : खरेदीपलीकडचे अनुभव

दिवाळी जवळ आली की सुक्यामेव्याचे डबे आणि शोभेच्या वस्तू एका घरातून दुसऱ्या घरी फिरू लागतात आणि त्यांतल्या पुष्कळशा उघडल्याही जात नाहीत. त्याऐवजी घेणाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडलेली, किंवा वस्तू घडवणाऱ्याच्या श्रमाला दाम देणारी भेट आपण दिली असेल, तर तो अनुभव येथे लिहावा. काय दिले, ते कसे ठरवले आणि अडचण कोणती आली, हे सविस्तर यावे.

नागपूर, निवृत्त शिक्षिका
आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या सर्वांना दरवर्षी मिठाईचा सारखाच पुडा दिला जात असे. मी सुचवले की, यंदा प्रत्येकाला आधी विचारावे. झाडलोट करणाऱ्या ताई बराच वेळ संकोचल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, कुकर द्या. आमच्या कुकरची रिंग सारखी सैल होते, डाळ शिजतच नाही." रात्रपाळीच्या रखवालदारांनी मुलीसाठी पॉलिटेक्निकच्या ड्रॉइंगचे साहित्य मागितले. त्यातला ड्राफ्टर कोणत्या मापाचा लागतो हे दुकानदाराला सांगता येईना, म्हणून ती मुलगीच आमच्याबरोबर आली आणि तिने एकेक वस्तू पारखून घेतली. खर्च मिठाईपेक्षा थोडा जास्त झाला, पण वर्गणी देताना कोणीही कुरकुर केली नाही.

पुणे, खासगी कंपनीत नोकरी
वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेले आणि अपंग लोक हातमागावर कापड विणतात. कार्यालयातील भेटींसाठी आम्ही तेथील सतरंज्या निवडल्या. "संस्थेचा माल टिकेल का?" अशी शंका एका सहकाऱ्याने काढली, तेव्हा नमुन्याची सतरंजी टेबलावर पसरून तिची घट्ट वीण सर्वांना दाखवली. दयेपोटी निकृष्ट वस्तू घेणे हा विणकराचाही अपमान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी मागणी दिवाळीच्या तोंडावर न नोंदवता गणपतीच्या आधीच नोंदवावी, कारण हातमागावर घाई चालत नाही.

सातारा जिल्हा, वाचक
'मनोरंजन' मासिकाने 1909 साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा मराठी घरांत रुजली आहे. आमच्या घरी येणारे अंक मी गावाकडच्या 'ड' वर्गाच्या, म्हणजे शासकीय वर्गवारीतल्या सर्वांत लहान गटातल्या ग्रंथालयाला देते, मात्र रद्दीच्या वेळी नव्हे, तर तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे ते ताजे असतानाच. ग्रंथपाल प्रत्येक अंकाला खाकी कव्हर घालून दाखल क्रमांक टाकतात, आणि शब्दकोडे कोणी पेनाने सोडवू नये म्हणून त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवतात.

ठाणे, कर सल्लागार
नातेवाइकांच्या नावाने देणगी देणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. देणगीवरची प्राप्तिकर सवलत (1961च्या कायद्यातील कलम 80जी) जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीला ती लागू नाही. माझ्या मावशीच्या नावाने मी परस्पर देणगी दिली, तेव्हा तिने पावती वाचून इतकेच विचारले, "मला विचारलं असतंस, तर मी डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी द्यायला सांगितलं असतं." आता संस्था तीच निवडते आणि पैसे मी भरतो.